पुड्यावरची तारीख आणि टिनाखालचं दुकान

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, आमच्या गावात माझ्या भावाचं किराणा दुकान आहे. वडिलांनी थाटलेलं, आता तो चालवतो. वर टिनपत्रे, पुढे टिनाचंच शेड, आणि शेडच्या आडव्या बल्लीला चिप्सच्या लडी टांगलेल्या. मागच्या मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास मी गल्ल्यावर बसले होते. एका पोरानं पुडा मागितला. तोडायला हात लावला तर पुडा चांगलाच तापलेला. उलटून मागची बाजू वाचली. तारीख संपायला अडीच महिने शिल्लक होते. तारखेजवळच, तिच्याहून बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं की थंड व कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवावे. पुडा फोडून वास घेतला तर तेल खवट. पोराला मी दुसरं काहीतरी दिलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई वरणाला फोडणी देत होती. हातात हळदीची पुडी, तिच्यावरची तारीख उलटून चार महिने झालेले. हळद कोरडी, मोकळी, वासाला थोडी उतरलेली. आईनं रोजच्यापेक्षा चिमूटभर जास्त घातली आणि आम्ही सगळे जेवलो.

तारीख गेलेलं अन्न खावं की नाही, हा प्रश्न मला या दोन पुड्यांमध्ये अख्खा दिसतो. एकाची तारीख शिल्लक असून तो मुलाच्या हातात देण्यासारखा राहिला नव्हता. दुसऱ्याची जाऊन चार महिने झाले तरी त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. आमच्या गावात या बाबतीत दोन तट आहेत. म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: "तारीख गेली म्हून का बिस्कुट मेलं? खाऊन पाह्य, मंग सांग." आणि बारावी-बीए झालेल्या सुनांना विचारलं तर त्या पुडा उलटा करतात, आकडा बघतात आणि मुदत गेली असेल तर सरळ उकिरड्यावर टाकतात. आमच्या शेजारी अशीच किलोभर साखर फेकली गेली. साखरेवर मुदतीची तारीख छापण्याची कायद्यानं सक्तीसुद्धा नाही, कारण कोरडी साखर वर्षानुवर्षं बिघडत नाही. निंदणाला जाणाऱ्या बाईच्या घरात किलोभर साखर म्हणजे काय, हे त्या सुनेलाही ठाऊक होतं. तरी फेकली, कारण तिला कोणी तारखेचा अर्थ सांगितलाच नव्हता.

दोन्ही तट त्या आकड्याला निकाल समजतात. एक तो मान्य करतो, दुसरा धुडकावतो. खरं तर तो आकडा म्हणजे अटीवर दिलेला शब्द आहे. कारखानदार आपला माल ठरावीक तापमानाला ठेवून बघतो, किती दिवसांत चव उतरते, तेल खवट होतं, जंतू वाढतात हे मोजतो, थोडे दिवस हातचे राखतो आणि तारीख छापतो. त्या शब्दाला दोन अटी जोडलेल्या असतात. पुडा बंद असला पाहिजे, आणि सांगितलं तसा ठेवला गेला पाहिजे. अट मोडली की शब्दही उरत नाही. फोडलेल्या पुड्याला ती तारीख लागूच होत नाही, हेही आमच्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. फळांच्या रसाचा डबा फोडून चार दिवस फळीवर ठेवायचा आणि 'अजून दोन महिने हायेत नं' म्हणून मुलाला द्यायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कायद्यानंही दोन तारखांमध्ये फरक केला आहे. 'बेस्ट बिफोर' म्हणजे या तारखेपर्यंत माल त्याच्या पूर्ण गुणांसकट राहील; त्यानंतर चव, कुरकुरीतपणा, रंग उतरेल, पण तो खाण्यास सुरक्षित असू शकतो. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे या तारखेनंतर त्याच्या सुरक्षिततेची खात्री धरू नये, आणि तो विकायचा नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनी एक्सपायरीची तारीख बंधनकारक केली आणि बेस्ट बिफोर ऐच्छिक ठेवली. हेतू चांगला होता. 'पॅकिंगपासून सहा महिने' असं छापून गिऱ्हाइकाला बोटांवर महिने मोजायला लावण्यापेक्षा सरळ शेवटची तारीख दिलेली बरी. पण त्यामुळे झालं असं की बिस्किटाच्या पुड्यावर आणि दह्याच्या डब्यावर आता एकच शब्द छापला जातो. बिस्किट त्या दिवसानंतर नरम पडेल. दही त्या दिवसानंतर पोट बिघडवू शकेल. वाचणाऱ्याला दोन्हीकडे सारखीच धमकी दिसते, आणि सगळीकडे सारखी धमकी दिसली की माणूस एक तर सगळंच फेकतो किंवा कशालाच भीत नाही.

आता त्या 'थंड आणि कोरड्या जागी'कडे वळू. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर, अकोला, कुठेही जा, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कधी वर जातो. हे सावलीतलं तापमान झालं. टिनाखाली, बंद दुकानात, मालगाडीच्या ताडपत्रीखाली त्याहून अधिक. उष्णता दहा अंशांनी वाढली की तेल खवट होण्यासारख्या क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे २५ अंशांना जो माल सहा महिने टिकेल असं गृहीत धरलं, तो ४५ अंशांना सतत ठेवला तर दीड महिन्यातच त्या अवस्थेला येईल. प्रत्यक्षात रात्री थोडा गारवा येतो, पाऊसकाळात उष्णता उतरते, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही. पण उतार कुठल्या बाजूला आहे ते स्पष्ट आहे. मग जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवा येते आणि 'कोरड्या'ची अटही जाते. कूलर लावलेल्या शहरातल्या दुकानात आणि आमच्या गावच्या शेडमध्ये एकाच तारखेचा माल एकाच वयाचा नसतो.

आजीच्या काळात तारखा नव्हत्या, तरी माणसं जगलीच की, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. माझी आजी कधी पुडा उलटून वाचत बसली नाही. पण तिला तिच्या घरातल्या प्रत्येक जिनसेचा जन्म माहीत होता. ज्वारी कोणत्या वावरातली, कोणत्या दिवशी खळ्यावरून आली. तूर कधी भरडली. पापड कोणत्या उन्हात वाळले. लोणच्याची बरणी कोणाच्या लग्नाआधी भरली. पुड्यावरची तारीख तेवढीच माहिती देते, पण अनोळखी माणसानं अनोळखी गावी केलेल्या मालाबद्दल. आजीनं ज्वारीच्या कणगीत हात घालून सांगितलं तसं तिनं मैद्याच्या, पामतेलाच्या, पाच राज्यं ओलांडून आलेल्या पुड्याबद्दल सांगितलं असतं, असं मला वाटत नाही.

तरीही आजीचं ज्ञान आईच्या हातात आलं आहे, आणि ते किती नेमकं आहे हे मला शिक्षिका झाल्यावर, विज्ञानाचं पुस्तक शिकवताना कळलं. आई पापडाचा डबा उघडते, एक पापड घेऊन मोडते. कडकन मोडला तर ठीक. वाकून मग मोडला तर ओल धरली, आजच्या आज उन्हात टाकायचे. कुरडया, मुगवड्या, सांडगे, सगळ्यांना हीच परीक्षा. कारण जंतूंना आणि बुरशीला पाणी लागतं, आणि वाळवणात आपण तेच काढून घेतलेलं असतं. पाणी परत शिरलं आहे का, एवढंच ती मोडून बघते. लोणच्याच्या बरणीत ती तेलाचा थर बघते, फोड वर उघडी पडली असेल तर दाबून खाली घालते. तिथे मीठ, आंबटपणा आणि तेल मिळून राखण करतात. ओला चमचा बरणीत गेला तर ती घरातल्या कोणालाही सोडत नाही. कणीक चाळताना जाळी दिसली, सोंडे दिसले की ती पीठ टाकत नाही, चाळून, ऊन दाखवून वापरते. पण वास कडवट आला तर टाकते. जवसाची चटणी आठ-दहा दिवसांच्या वर ठेवत नाही, कारण जवसाचं तेल फार लवकर खवट होतं. बाजरीचं पीठ एका वेळी आठवड्याचंच दळून आणते, तेही त्याच कारणानं. तूप मात्र नीट कढलं असेल, कोरड्या डब्यात असेल तर महिनोन् महिने.

यातलं कुठलंही ज्ञान तारखेच्या विरोधात नाही. कोरड्या, खारवलेल्या, तेलात बुडवलेल्या, कढवलेल्या पदार्थांना नाक, हात आणि जीभ पुरतात. इथे तारीख उलटली तरी माणसानं घाबरून धान्य, मसाले, मीठ, साखर, डाळी फेकू नयेत. डोळ्यांनी बघावं, हातानं मोडावं, वास घ्यावा आणि वापरावं. हे मी शाळेत पालकांच्या सभेतही सांगते.

पण जिथे नाक फसतं, तिथे आईचं आणि माझं भांडण होतं.

दोन वर्षांपूर्वी परतीच्या पावसात फल्लीच्या, म्हणजे भुईमुगाच्या, शेंगा भिजल्या. वाळवल्या, फोडल्या, तर काही दाणे सुरकुतलेले, काहींवर हिरवट-पिवळसर बुरा. आईनं ते वेगळे काढले, पण फेकले नाहीत. धुऊन, भाजून तिखट चटणीत घालायचे म्हणाली. "भाजलं का सगळं मरते." बुरशी मरते, हे बरोबर. पण ती मरण्याआधी दाण्यात जे विष सोडून जाते ते घरच्या कढईत भाजून पूर्ण जात नाही. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीचं ते विष, अफ्लाटॉक्सिन. यकृतावर घाव घालणारं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं माणसाला निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात त्याला घातलं आहे. त्या दिवशी ते खाल्लं तर त्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून तर 'खाऊन पाह्य, मंग सांग' ही परीक्षा तिथे चालत नाही. आई बराच वेळ गप्प राहिली. मग दाणे खड्ड्यात पुरले. कोंबड्यांनाही घातले नाहीत, कारण कोंबड्यांनाही ते बाधतं.

भाताचंही तसंच. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकणं हे आपल्याकडे घरोघरी. हिवाळ्यात फारसं बिघडत नाही. पण मे महिन्याच्या रात्री, जेव्हा बारा वाजतासुद्धा भिंती गरम असतात, तेव्हा झाकून ठेवलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो. त्याची बीजं भात शिजतानाही मरत नाहीत. तो भातात जे विष तयार करतो ते फोडणीनं जात नाही, आणि भाताला तार सुटायच्या, वास यायच्या आधीच ते तयार झालेलं असू शकतं. खव्याचं, पेढ्याचं, हातानं मळलेल्या मिठाईचं असंच. हातावरच्या जखमेतून, नाकाला लागलेल्या बोटांतून जो जंतू पदार्थात जातो, त्याचंही विष पुन्हा तापवून मरत नाही. मिठाईच्या दुकानात ताटासमोर बेस्ट बिफोरची तारीख लावायची, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून देशभर लागू आहे. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात मला ती पाटी दिसली होती. तारीख खडूनं लिहिलेली, पुसट. चौकशी केली तर मुलगा म्हणाला, ती दिवाळीतली आहे.

आणि भगर, म्हणजे वरी. विदर्भात एकादशी, शिवरात्र, नवरात्र भगरीशिवाय जात नाही. तिच्यावरही दमट हवेत अ‍ॅस्परजिलसच्या जातीची बुरशी वाढते आणि विषारी द्रव्यं तयार होतात. राज्याचं अन्न व औषध प्रशासन सणांच्या आधी सूचना काढतं की भगर सुटी घेऊ नका, पाकीटबंद आणि तारीख असलेली घ्या, कोरड्या जागी झाकून ठेवा, पीठ लागेल तेवढंच दळा, कारण पीठ ओल लवकर धरतं. २० फेब्रुवारी २०२४ ला बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, सोमठाणा गावी एकादशीच्या भगर-आमटीच्या प्रसादानंतर शेकडो लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. दवाखान्यात खाटा पुरल्या नाहीत. माणसं बाहेर रस्त्यावर निजवलेली, वर दोरी बांधून तिला सलाईनच्या बाटल्या अडकवलेल्या, ते फोटो विदर्भात सगळ्यांनी पाहिले. पंगतीत बसलेला माणूस वास घेऊन उठत नाही. प्रसाद तर कोणी परतही करत नाही. पानात पडलं ते त्यानं विश्वासानं खाल्लं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की ओलं, दुधाचं, मांस-अंड्याचं, शिजवलेलं आणि थंडीत ठेवायला सांगितलेलं जे जे आहे, तिथे तारीख ही शेवटची हद्द समजावी, आणि आपल्या हवेत त्या हद्दीच्याही आधी थांबावं. दुधाच्या पिशवीवर ८ अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे वादळात डीपी उडाली की लाईन कधी दोन दिवस नसते, कधी तीन. त्या दिवसांत दुकानातला फ्रीज म्हणजे नुसतं लोखंडी कपाट. लाईन परत आल्यावर पिशवी पुन्हा गार लागते, तारीखही शिल्लक असते, पण मधले दोन दिवस त्या पिशवीवर कुठेच छापलेले नसतात. फुगलेली पिशवी, फुगलेला डबा, फुगलेलं लस्सीचं पाकीट कोणत्याही तारखेचं असो, फोडूसुद्धा नये. तान्ह्या बाळाला पाजायच्या पावडरीच्या बाबतीत तर एक दिवसही पुढे जाऊ नये. बाळ दुसरं काही खात नाही, त्याचं सगळं पोषण त्या डब्यावर आहे. लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं यांना जुलाब लागले की पाणी झपाट्यानं कमी होतं, आणि आमच्या कितीतरी पोडांवरून, पाड्यांवरून आरोग्य केंद्र गाठायला रात्री गाडीच मिळत नाही. शहरात ज्या चुकीची किंमत एक दिवसाची रजा, तिची किंमत इथे वेगळी असते.

इथवर मी घरातल्या स्वयंपाकघराबद्दल बोलले. तिथे ठरवायचा हक्क खाणाऱ्याचा आहे. पण दुसऱ्याच्या ताटासाठी ठरवायचं असेल तेव्हा?

काही वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला एक गृहस्थ आमच्या शाळेत बिस्किटांची खोकी घेऊन आले. मुलांना वाटा म्हणाले. मी खोकं फोडून बघितलं तर तारीख तीन दिवसांपूर्वी गेलेली. त्यांना सांगितलं. ते दुखावले. "मॅडम, तीन दिवसात काय होते? मी सोता खातो, पाहा," म्हणून त्यांनी एक बिस्किट खाल्लंसुद्धा. त्यांचं चूक नव्हतं. ते बिस्किट मी माझ्या घरी खाल्लं असतं. पण शाळेत पोषण आहार शिजला की मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची आणि वहीत नोंद करायची, असा नियम आहे. तो नियम मी रोज पाळते तो एवढ्यासाठी की ताटासमोर बसलेली सहा वर्षांची मुलगी नाही म्हणू शकत नाही. खोकी मी परत केली. मुलांना त्या दिवशी गूळ-फुटाणे मिळाले. पुढच्या वर्षी ते गृहस्थ आले नाहीत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दान देणाऱ्यानं आधी एक विचार करावा: हाच पुडा मी माझ्या नातवाच्या वाढदिवसाला, पाहुण्यांसमोर ठेवला असता का? आश्रमशाळेत, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या तांड्यावर, पूरग्रस्तांच्या छावणीत जो माल 'अजून चांगला आहे' म्हणून जातो, त्यातला बराचसा देणाऱ्याच्या घरी फळीवरून उतरवलेला असतो. मुदत संपत आलेला माल वेळेत, मुदतीच्या आत, गरजूंपर्यंत पोचवणं हे पुण्याचं काम आहे आणि ते अधिक व्हायला हवं. मुदतीनंतरचा माल पोचवणं हे दुसऱ्याच्या पोटावर आपली अडगळ टाकणं आहे.

आठवडी बाजारात हे दान नसतं, धंदा असतो. हातगाडीवर बिस्किटं, टोस्ट, नूडल्स, चॉकलेटं यांचा ढीग. छापील किमतीच्या निम्म्यात. मी एक पुडा उचलून बघितला तेव्हा तारखेच्या जागी पांढरट डाग होता, कशानं तरी पुसलेला. दुसऱ्यावर तारखेवर स्टिकर. माझ्या शेजारी एक म्हातारी नातवासाठी चार पुडे घेत होती. मी तिला म्हटलं, "मावशी, याच्यावरची तारीख पुसली हाय." ती म्हणाली, "मले कुठं वाचता येते बाई. स्वस्त हाय म्हून घेतो." पैसे तिनं आधीच दिले होते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा आहे. त्याच्या कलम २७ नुसार मुदत संपलेला माल पुरवणारा घाऊक व्यापारी आणि विकणारा दुकानदार दोघेही जबाबदार धरले जातात. खोटं लेबल लावलेल्या मालाला तीन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणानं कारखानदारांना, पुन्हा पॅकिंग करणाऱ्यांना सांगितलं की मुदत संपलेल्या आणि नाकारलेल्या मालाचं काय केलं, याची माहिती दर तीन महिन्यांनी भरा, जेणेकरून तो पुन्हा नवं लेबल लावून बाजारात येऊ नये. त्याआधीच्या महिन्यात मोबाइलवरून घरपोच माल देणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की माल गिऱ्हाइकाच्या हाती पडेल तेव्हा किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत शिल्लक असली पाहिजे. चांगली गोष्ट आहे. पण मोबाइलवरून बिस्किट मागवणारं गिऱ्हाईक नागपुरात, पुण्यात राहतं. त्याच्यासाठी ४५ दिवसांची हमी. आमच्या बाजारातल्या त्या मावशीसाठी कोणती?

आणि माझ्या भावासाठी? त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक खोकं आहे. मुदत संपलेला माल तो त्यात टाकतो. एजन्सीवाला दर गुरुवारी गाडी घेऊन येतो, नवा माल उतरवतो, स्कीम सांगतो, दोन खोक्यांवर एक फुकट. त्या फुकटाची मुदत बहुतेक वेळा दीड-दोन महिन्यांचीच उरलेली असते, आणि आमच्या गावात तेवढा खप नसतो. जुना माल परत घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं: "वरून परत येत नाही, भाऊ." मग तोटा कोणाचा? दुकानदार तो खोक्यात टाकेल, किंवा निम्म्या भावात कुणाला देईल आणि तो पुडा हातगाडीवर जाईल. माझा भाऊ टाकतो, म्हणून तो मोठा सद्गुणी असं मी म्हणत नाही. त्याला शेतीचा आधार आहे. ज्याला तो नाही, त्या दुकानदारावर सगळी नीतिमत्ता ढकलून मोकळं होता येणार नाही. जो माल पाठवतो त्यानंच मुदत संपलेला माल परत नेला पाहिजे, आणि ते एजन्सीच्या मर्जीवर न सोडता नियमात लिहिलं पाहिजे.

दुसरी मागणी अक्षरांची. लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी, असा नियम आहे. इतर भाषा जादा म्हणून चालतात. प्रत्यक्षात बहुतेक पुड्यांवर तारखेचे शब्द इंग्रजीतच असतात, तेही घडी पडलेल्या कडेवर, ठिपक्याठिपक्यांच्या शाईत. माझ्या सातवीच्या वर्गातल्या हुशार मुलींना 'यूज बाय' म्हणजे काय हे सांगावं लागतं. मेळघाटात कोरकू, झरीत कोलामी, गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्या बाईनं ते कसं वाचावं? महाराष्ट्रात विकायच्या मालावर 'या तारखेनंतर विकू नये, खाऊ नये' आणि 'या तारखेनंतर चव उतरेल' ही दोन वाक्यं मराठीत, वेगवेगळ्या रंगात छापायला फार खर्च येत नाही. रंग निरक्षर माणसालाही वाचता येतो. आणि ठेवण्याची अट तारखेच्या शेजारी, तारखेएवढ्याच आकारात असावी. ती अट बारीक अक्षरात गेली की आमच्या उन्हाळ्यात तारखेचा अर्थच बदलतो, हे कारखान्यात बसून तारीख ठरवणाऱ्यानं लक्षात घ्यायला हवं. गाडीतून, टिनाखालून, ४५ अंशांतून माल जाणार हे त्याला माहीत असतंच. मग मुदत त्या रस्त्याची धरावी.

तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५ नंबर. मी तो शाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवला आहे. शनिवारी दप्तर हलकं असतं, तेव्हा मुलं घरून रिकामे पुडे आणतात आणि आम्ही तारखा वाचतो. कुठली शेवटची, कुठली चवीची, पुडा कुठे टांगलेला होता, उन्हात की सावलीत, हेही विचारते. मागच्या शनिवारी चौथीतल्या एका मुलीनं आणलेल्या पुड्यावर तारीख पुसलेली होती. कुठून घेतला म्हटलं तर बाजारातून, आजीनं आणला.

पुडा मी ठेवून घेतला आहे. भावाच्या मागच्या खोलीतल्या खोक्यावर त्यानं आतल्या मालाची यादी, पुडे किती, मुदत कधी गेली, असं कागदावर लिहून चिकटवलं आहे. त्या कागदावर माझीही सही आहे. या गुरुवारी एजन्सीची गाडी आली की नवा माल उतरण्याआधी ते खोकं गाडीत चढवायचं, आणि एजन्सीवाल्यानं नाही म्हटलं तर तिथूनच १९१५ लावायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.